‘सबब’, ‘कारण’ आणि हरलेला धावपटू
(टोपणनावांनी झालेल्या लेखी गप्पा)

दारव्हेकर :
आमच्या गावात पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर पळतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत १६०० झाले तर २० पैकी २० गुण, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सराव घेणारे काका फौजेतून आलेले. कोणी मागं पडलं की त्यांचं एकच वाक्य : "सबबी नोको सांगू बे!"

परवा याच पोट्ट्यांनी मोबाइलवर १५०० मीटरच्या जुन्या फायनल लावल्या आणि वाद पेटला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसन ब्रिटनच्या जॉश करकडून हरला. करला ३:२९.३८ लागले, याला ३:२९.६५. नंतर तो म्हणाला की घशात त्रास होता. अर्धे पोट्टे म्हणतात, ही सबब. बाकीचे म्हणतात, घसा खरोखर धरला असेल तर ते कारण झालं, सबब कशी?

म्हणून विचारतो. सबब म्हणजे खोटं कारण का? आणि तसं असेल तर तहसीलच्या अर्जात आपण शेवटी "सबब, अर्ज मंजूर व्हावा ही विनंती" असं लिहितो, ते काय?

जुने कागद :
शब्द मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. अर्थ साधा : कारण. जुन्या पत्रव्यवहारात तो ‘यास्तव, म्हणून’ अशा जोडशब्दासारखाही येतो, आणि तुमच्या अर्जातली सबब ती हीच. कचेरीनं जुना अर्थ जपला, बोलण्यात तो घसरला. का घसरला असावा, याचा माझा अंदाज सांगतो. ज्यानं शेतसारा वेळेवर भरला त्याला सबब कोण विचारणार? विचारणा व्हायची ती काही राहून गेलं तरच. शब्द सतत चुकलेल्यांच्याच तोंडी राहिला, मग त्यालाही तोच वास लागला.

‘बहाणा’चं तसं नाही. तो फारसी, आणि मराठीत तो पहिल्यापासून खोटाच. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. सबब खरी असू शकते. बहाणा खरा नसतो.

आर्वीची ताई :
नुसत्या नामाकडे पाहून हे सुटणार नाही, क्रियापद बघा. कारण आपण शोधतो. सबब पुढे करतो. बहाणा करतो. निमित्त होतं, म्हणजे तिथं करणारा कोणीच नाही. "सबब शोधली" म्हटलं की लगेच टोमणा ऐकू येतो, आणि "कारण पुढे केलं" म्हटलं की ते कारणही सबबच होऊन जातं.

दुसरी गंमत वचनाची आहे. "कारण सांग" हा प्रश्न आहे, "कारणं सांगू नको" हा दम आहे. एकवचनात जो शब्द सरळ, तोच अनेकवचनात संशयित. ‘सबबी’चंही तेच, काका अनेकवचनच वापरतात ते उगाच नाही. एका हारीला एक कारण पुरतं. चार सांगितली की ऐकणारा समजतो, यातलं एकही याला स्वतःला पटलेलं नाही.

आता इंगेब्रिग्टसनच घ्या, कारण त्याच माणसाकडे दुसरा नमुनाही आहे. २०२४ पॅरिस ऑलिंपिक, १५०० ची फायनल. हा सुरुवातीपासून पुढे सुटला, पहिले ४०० मीटर ५५ सेकंदांच्या आत. शेवटच्या वळणानंतर अमेरिकेचा कोल हॉकर आतून निघाला आणि ३:२७.६५ असा ऑलिंपिक विक्रम करून गेला. कर दुसरा, नुगुसे तिसरा, आणि हा चौथा, ३:२८.२४. पदकच नाही. त्या दिवशी त्यानं सांगितलं की सुरुवातीला आपण फार जोरात गेलो, चूक आपलीच. चारच दिवसांनी ५००० चं सुवर्ण त्यानं घेतलं. (बुडापेस्टलाही त्यानं १५०० हरून ५००० जिंकली होती, हे घशावाल्या पार्टीनं आणि विरोधी पार्टीनं दोघांनी लक्षात घ्यावं. दोघांनाही ते वापरता येईल!)

दोन्ही विधानं मराठीत मांडून पाहा. "घसा धरला होता." इथं कर्ता घसा. "मी फार जोरात गेलो." इथं कर्ता मी. माझ्या मते पोरांचा वाद खऱ्या-खोट्याचा नाहीच, वाक्यात कर्ता कोण यावर आहे.

दारव्हेकर :
ताई, हे पटतं. पण मग कर्ता ‘मी’ नसला की सबबच का? ज्याचा घसा खरंच धरला त्यानं बोलायचं कसं?

पट पाहणारा :
तुमी सारे शिकलेले लोक हाय, मी आपला वऱ्हाडीतून सांगतो. आमच्याकडं दोन वाक्यं हायेत. "मी पयलो नाई" अन् "माह्याच्यानं पयवलं नाई." पयल्यात आपला आळस हाय, नाईतर मन नोहोतं. दुसऱ्यात मन होतं, आंगानं ऐकलं नाई. दुसरं म्हननारा सबब नाई सांगत, आपली हद सांगते. आमच्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हंजे बैलायच्या शर्यतीत, जोडी मांगं रायली का हाकनारा धुरकरी म्हनते, "बैल बुजला." आता बैल का येऊन सांगत नाई का मी बुजलो का मले पयवलं नाई! तिथं सबब कोनाची, ते बैलाले बी नाई माईत.

आर्वीची ताई :
वा भाऊ! प्रमाण मराठीत तेच : "माझ्याच्यानं पळवलं नाही." व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. ‘करवत नाही’, ‘बघवत नाही’, ‘चालवत नाही’. इच्छा पूर्ण, शक्ती अपुरी, हे एका प्रत्ययात सांगणारी ही सोय आहे. दारव्हेकर, ज्याचा घसा खरंच धरला त्यानं असंच बोलावं. "घसा धरला म्हणून हरलो" यात दोष घशाला जातो. "घसा धरला होता, माझ्याच्यानं शेवटचे २०० पळवले नाहीत" यात घसाही आला आणि आपणही राहिलो.

जुने कागद :
सबब खरी असू शकते असं मी वर लिहिलं, त्याला धावण्यातलाच दाखला. १९५४, व्हँकुव्हर, एक मैलाची शर्यत. तोवर चार मिनिटांच्या आत मैल पळालेली माणसं जगात दोनच, ब्रिटनचा रॉजर बॅनिस्टर आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी, आणि दोघंही या शर्यतीत होते. लँडी पुढे होता. शेवटच्या वळणावर त्यानं डाव्या खांद्यावरून मागं पाहिलं, त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून निघून गेला. ३:५८.८ आणि ३:५९.६. त्या क्षणाचा पुतळा आजही व्हँकुव्हरला उभा आहे.

लँडीच्या तळपायाला जखम होती. शर्यतीआधी अनवाणी असताना फोटोग्राफरच्या फ्लॅशच्या फुटक्या बल्बवर पाय पडला आणि टाके घालावे लागले. ते त्यानं लपवलं, हरल्यावरही पुढे केलं नाही. जखम खरी, टाके खरे. तरी ते सांगितलं असतं तर मराठीत त्याला सबबच म्हटलं असतं. म्हणजे सबब ही सबब होते ती पुढे केल्यानं. ताईंनी क्रियापदाचं सांगितलं ते अगदी बरोबर.

उमरखेडचा मास्तर :
लँडीचं कौतुक पुष्कळ झालं, मला ते जरा धोक्याचं वाटतं. मी शाळेत पोरं पळवतो. लँडी मोठा माणूस, त्यानं जगापासून लपवलं. आमची पोरं माझ्यापासून लपवतात. डांबरी रस्त्यावर एकदम अंतर वाढवलं की नडगी दुखायला लागते. "सर सबब म्हणतील" या भीतीनं पोरगं बोलत नाही, आणि दुखणं वाढत वाढत हाडाला बारीक चीर पडेपर्यंत जातं. भरती हुकते ती तिथं. तेव्हा सबब कोणापुढे, हा प्रश्न राहिलाच. प्रेक्षकांपुढे जी सबब, तीच प्रशिक्षकापुढे माहिती असते. काकांनी "सबबी नोको" हे शर्यतीनंतर म्हणावं. सरावात म्हणू नये.

उलट बाजूचं उदाहरणही सांगतो. १९८० मॉस्को, ८०० मीटर. विश्वविक्रम ब्रिटनच्या सेबॅस्टियन कोच्या नावावर, १:४२.३३. आणि तो १:४५.९ मध्ये दुसरा आला, शर्यत ब्रिटनच्याच स्टीव्ह ओव्हेटनं मारली. को शर्यतभर बाहेरून, मागून, झोपल्यासारखा पळत होता. पत्रकारांपुढे त्यानं कबूल केलं की मध्यम पल्ल्यातली जन्मभरात केली नसतील इतकी पापं आपण दीड मिनिटात केली. प्रशिक्षक त्याचा बापच, पीटर को. त्यानं पोराला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. सहा दिवसांनी १५०० मीटर, तिथं को पहिला, ओव्हेट तिसरा. चूक कुठं झाली हे नेमकं सापडलं होतं म्हणून ती सहा दिवसांत दुरुस्त झाली, असं मला वाटतं. ‘कारण शोधणं’ म्हणजे हे. डावपेचाची चूक सहा दिवसांत सुधारता येते. दम आठवड्यात वाढत नाही.

आपल्याकडचं असंच : २०१८ ची जकार्ता आशियाई स्पर्धा. ८०० मध्ये जिन्सन जॉन्सन फेव्हरिट. शेवटच्या सरळीत मनजित सिंग बाहेरून आला आणि १:४६.१५ मध्ये सुवर्ण घेऊन गेला. जिन्सन १:४६.३५. दोनच दिवसांनी १५०० मध्ये जिन्सनचं सुवर्ण.

वावरातला वाचक :
एक बारीक शंका. आपण सगळे ‘हरला’ म्हणतोय. कुस्तीत ठीक आहे, दोघांतला एक हरतो. आठ जणांच्या शर्यतीत सात जण हरले का? १९७६ मॉन्ट्रिअलच्या ८०० मध्ये आपला श्रीराम सिंग पहिली फेरी सगळ्यांच्या पुढे होता. क्युबाच्या हुआन्तोरेनानं १:४३.५० असा विश्वविक्रम केला, आणि पुढे त्यानंच श्रीरामच्या त्या वेगाला श्रेय दिलं. श्रीराम सातवा, १:४५.७७. ही वेळ भारतीय विक्रम म्हणून ४२ वर्षं टिकली, २०१८ मध्ये जिन्सननं मोडली. आता याला ‘हरला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जुने कागद :
मग म्हणू नका. ‘मागे राहिला’, ‘सातवा आला’. ‘आला’ हे क्रियापद किती सभ्य आहे बघा. पहिला पण आला, सातवा पण आला.

आर्वीची ताई :
आणि वर्तमानपत्री ‘हुकलं’? २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीडच्या अविनाश साबळेला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळालं. केनियाचा किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. "सुवर्ण हुकलं" म्हटलं की कर्ता सुवर्ण होतं. पदकच जणू हातातून निसटून पळालं, माणूस तिथंच! मला हा शब्द सबबीचा धाकटा भाऊ वाटतो, फक्त ही सबब खेळाडूच्या वतीनं आपण प्रेक्षक सांगतो. ०.०५ सेकंदासाठी तो चालेल. सात सेकंदांनी मागं राहिलेल्याचं पदक हुकत नाही.

उमरखेडचा मास्तर :
सबब दुसऱ्यांनी सांगायची, यावरून अमेरिकेचा धावपटू जिम रायन आठवला. १९६८, मेक्सिको सिटी, समुद्रसपाटीपासून २२४० मीटर. हवा विरळ, लांब पळणाऱ्याला प्राणवायू कमी. कॅन्ससच्या मैदानी भागातल्या रायनचा हिशेब होता की या उंचीवर ३:३९ ला सुवर्ण मिळेल. तो ३:३७.८ पळाला, म्हणजे हिशेबापेक्षा चांगला. पण केनियाच्या डोंगरातला किप केइनो ३:३४.९ पळाला. मायदेशी लोकांनी रायनला धारेवर धरलं. त्याच्याकडे उंचीचं सरळ, शास्त्रीय कारण होतं, तेही लोकांना सबब वाटलं.

आणि केइनो? त्याचं पित्ताशय त्या दिवसांत दुखत होतं. १०,००० मीटरमध्ये तो पोट धरून ट्रॅकबाहेर कोलमडला होता. तो १५०० हरला असता तर त्याच्याकडेही भक्कम सबब तयार होती. जिंकला, म्हणून ती त्याच्या शौर्याची गोष्ट झाली. जुने कागद, तुमच्या सारा भरणाऱ्याचं इथं लागू पडतं.

दारव्हेकर :
पोट्ट्यांना हे सगळं वाचून दाखवलं. घशावाली पार्टी अजून हटत नाही, पण "पयवलं नाई" सगळ्यांना आवडलं. आता नवीन भांडण काढलं आहे. मोरोक्कोचा हिशाम अल गेरूज १९९६ च्या अटलांटा फायनलमध्ये साधारण एक फेरी राहिली असताना अल्जीरियाच्या मोर्सेलीच्या पायात अडकून पडला आणि बारावा आला. २००० मध्ये सिडनीत केनियाच्या न्गेनीनं त्याला पाव सेकंदानं मागं टाकलं. २००४ मध्ये अथेन्सला शेवटी जिंकला, १५०० पण आणि ५००० पण. एक जण म्हणाला, "९६ ले पडला, २००० ले बी पडला." दुसरा म्हणतो, सिडनीत तो पडला कुठं? तो तर उभाच होता!

पट पाहणारा :
आमच्याकडं कुस्तीत पडला म्हंजे हारला, अन् इलेक्शनमंदी पडला म्हंजे बी हारला. पन पयन्यात पडला म्हंजे खाली पडला. हारला म्हनाचं असन तर "मांगं पडला" म्हना. पोट्ट्याले सांगा, सिडनीत मांगं पडला, अटलांटात दोन्ही.

आर्वीची ताई :
आणि अटलांटाच्या पडण्याला मी ‘निमित्त’ म्हणेन. टाच लागली ती ठरवून कोणी लावली नाही. वर म्हटलं होतं तसं, निमित्त होतं, करत कोणी नाही.

उमरखेडचा मास्तर :
थांबा ताई. पुढच्याच्या इतकं जवळ चिकटून पळायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. मी याला निमित्त म्हणणार नाही.