अर्थासोबत प्रसंगही सांगा

वरच्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या यादीत 'किक द बकेट' म्हणजे मरणे, एवढंच दिलंय. अर्थ बरोबर आहे, पण दुखवट्यात ते चालत नाही. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर पत्रव्यवहार बघते. मालकांचे वडील गेले तेव्हा नव्या मुलानं परदेशी गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये नेमकं हेच लिहिलं होतं. पाठवायच्या आत माझ्या नजरेस पडलं म्हणून बरं! सांत्वनाला गेल्यावर आपण 'वडील गचकले' म्हणतो का? तिथं 'पास्ड अवे' लिहायचं, म्हणजे आपलं 'वारले'. 'अंडर द वेदर' म्हणजे जरा बरं नसणं, त्याचंही तसंच, सर्दी-कणकणीला ठीक, आयसीयूतल्या माणसाला नाही. प्रत्येक अर्थापुढं हे लिहाच, मुलं इथलं वाचून तसंच्या तसं वापरतात.