पिल्लाला एकटे राहायला शिकवताना

म्हापशाच्या एका फ्लॅटमधील कुत्र्याचे ३ महिन्यांचे पिल्लू दार लावताच रडते, काय करावे, असे एकाने विचारले होते, आणि त्याला रडू दिल्यास ते आपोआप शांत होईल, असा सल्ला त्यावर दिला गेला आहे. तो मला पटत नाही, कारण थकून गप्प झालेले पिल्लू निर्धास्त झालेले असतेच असे नाही. आमच्या फोंड्याच्या घरी किल्ल्यांचा आवाज झाला की पिल्लू धापा टाकत उंबऱ्यापाशी येई, म्हणून आम्ही दिवसातून अनेकदा किल्ल्या नुसत्या उचलून पुन्हा खुंटीला अडकवल्या आणि तो आवाज त्याच्या अंगवळणी पडू दिला. पुढे बाहेर सोप्यावर जाऊन १० सेकंद, मग ३० सेकंद, मग २ मिनिटे, अशी वेळ वाढवली. ते कुंईकुंई करू लागले की वेळ पुन्हा कमी करावी, त्यात काही बिघडत नाही. जाण्यापूर्वी शी-शू आणि थोडे खेळणे झालेले असावे. या वयात ३-४ तासांहून अधिक वेळ लघवी रोखणे पिल्लाला सहसा जमत नाही, तेव्हा कामाच्या दिवशी शेजाऱ्यांना मध्ये एकदा डोकावून जायला सांगावे. चवथीच्या फटाक्यांत किंवा गडगडाटी पावसात मात्र हा सराव करूच नये.