चर्चा: 'डॉक्टर हू'मधला चर्चिल मला खुपतो

गिरगावकरीण
परवा मुलाबरोबर 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा 'व्हिक्टरी ऑफ द डालेक्स' (२०१०) हा भाग पाहिला. लंडनवर जर्मन बॉम्ब पडतायत, पंतप्रधान चर्चिल मालिकेच्या नायकाला, म्हणजे कालप्रवासी डॉक्टरला, फोन करून बोलावून घेतो आणि खाकी रंगाचे डालेक (डॉक्टरचे परग्रहावरचे कट्टर शत्रू) चक्क चहा विचारतात. इयन मॅकनीसने चर्चिलचं काम झकास केलंय. सिगार, गुरगुरणं, डोळ्यांतला मिश्कीलपणा... मुलाला हे आजोबा फार आवडले, आणि तिथेच मला टोचलं. आमच्या घरापासून गवालिया टँक चालत जाण्याइतकं जवळ. ८ ऑगस्ट १९४२ला तिथे 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना अटक झाली, तेव्हा पंतप्रधान हाच होता. पुढच्या वर्षी बंगालमध्ये अंदाजे ३० लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली. डॉक्टरकडे कुठल्याही काळात नेणारी पेटी आहे. या जुन्या दोस्ताला त्याने एकदाही भारताबद्दल विचारू नये?

बोरिवली_फास्ट
ताई, गोष्ट बॉम्बवर्षावाच्या काळातली आहे, दुष्काळ १९४३चा. जे अजून घडलंच नाही त्याचा जाब कसा विचारणार? शिवाय तो तिथे संत नाहीच. डालेक घातकी आहेत हे डॉक्टर जीव तोडून सांगतो, तरी हा ऐकत नाही. युद्ध जिंकायला त्याला काहीही चालतं. शेवटी टार्डिसची, म्हणजे डॉक्टरच्या त्या पेटीची, किल्लीसुद्धा लांबवायला बघतो. लेखकाने माणूस बरोबर ओळखलाय.

गिरगावकरीण
किल्लीचा प्रसंग हसण्यावारी नेलाय हो! आणि काळाचंच म्हणाल, तर गांधीजींची 'अर्धनग्न फकीर' म्हणून हेटाळणी त्याने १९३१मध्येच केली होती.

परळचा_वाचक
दुष्काळाचं सगळं खापर एकट्यावर फोडू नका. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालमधल्या होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबरात चक्रीवादळ आलं. भाव इतके चढले की शेतमजूर आणि कोळी यांची तांदूळ घेण्याची ऐपतच उरली नाही. अमर्त्य सेन यांनी बोट ठेवलं ते यावरच. पण भारतातून धान्याची मागणी होत असताना लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने जहाजं देताना हात आखडता घेतला. ती जबाबदारी चर्चिलची, तिथे मी ताईंच्या बाजूने.

बोरिवली_फास्ट
हे सगळं ४५ मिनिटांच्या घरगुती मालिकेत कोंबायचं?

गिरगावकरीण
याच मालिकेने २०१८मध्ये 'डिमन्स ऑफ द पंजाब' केला. विनय पटेल यांनी लिहिलेला, फाळणीचा. एका घरातलं लग्न आणि मधून जाणारी नवी सीमा, एवढ्यावर तो भाग उभा आहे. पाहून मी रडले. वेळ साधारण तेवढाच होता, फक्त कॅमेरा आपल्या बाजूने लावला होता.

बोरिवली_फास्ट
तो पाहिलेला नाही, आज रात्री लावतो. पण २०१०चा भाग लंडनकरांच्या भीतीबद्दल आहे, आणि रोज रात्री बॉम्ब झेलणाऱ्यांना तो नेता आधाराचा वाटत होता हेही खरंच होतं. ते दाखवणं मला गैर वाटत नाही.

गिरगावकरीण
त्यांना वाटत होता, मान्य. माझ्या मुलाला का वाटावा?