मदत हवी आहे: बॉयलरच्या धुरावर वीज करणारं इंजिन कुठे मिळेल?

सायझिंगवाला_इचल: इचलकरंजीत आमचं सायझिंग आहे (सुताला खळ लावायचा कारखाना), धुराड्यातून एवढी गरमी फुकट जाते आणि इकडे विजेचं बिल बघून वडिलांची झोप उडालीय. व्हिडिओत बघितलं की नवीन स्टार्टअपवाले उष्णतेवर वीज करणारी इंजिनं काढतायत, स्टर्लिंग म्हणतात, उष्णता साठवून रात्रीपण चालतात. भारतात कोण देतं, किती पैसे? लवकर सांगा, या महिन्यात ठरवायचंय.

बॉयलर_अण्णा: बॉयलर किती टनी, म्हणजे तासाला किती टन वाफ? धूर किती डिग्रीला?

सायझिंगवाला_इचल: गरमच असतो की. मी इंजिनाचं विचारलंय.

कृष्णाकाठ: वाळूची बॅटरी घ्या! फिनलंडात पोलर नाइट एनर्जीने 2022 ला कांकानपा गावात बसवली, वाळू 500-600 डिग्रीला तापवून ठेवतात. 2025 ला पोर्नाइनेनला 100 मेगावॅट-तासाची मोठी झाली. आपल्याकडे हेच पाहिजे.

थर्मो_पुणे: अहो, ती वीज घेते आणि गरमी देते, तिथे त्यावर घरं गरम करतात. यांना बरोबर उलटं हवंय. स्टर्लिंगचं म्हणाल तर स्वीडनची अझेलिओ 600 डिग्रीच्या वितळलेल्या ॲल्युमिनियमवर चालवायची, 2023 ला दिवाळखोरीत गेली. दादा, डिग्री सांगा, सगळं तिच्यावरच आहे.

कृष्णाकाठ: एक कंपनी बुडाली म्हणून तंत्र वाईट होत नाही.

थर्मो_पुणे: तंत्र चांगलंच आहे, पण 600 डिग्रीला.

माऊली_78: घरावर सोलर टाका, 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी मिळते, आमचं बिल शून्यावर आलं.

बॉयलर_अण्णा: ती घरगुतीला हो, कारखान्याला नाही.

सायझिंगवाला_इचल: फायरमनला विचारलं. 1 टनी, लाकडावर, मीटर 210 दाखवतो.

थर्मो_पुणे: हे आधी सांगायचं ना. तासाला 1 टन वाफ म्हणजे साधारण 630 किलोवॅट उष्णता. धूर 210 वरून 130 वर आणला तर ढोबळ 40 किलोवॅट हाताला लागतील. एवढ्या कमी तापमानाला छोटं इंजिन फार तर 8 टक्के वीज देईल, म्हणजे 3 किलोवॅट. बाहेरची हवा 30 धरली तर कार्नोच्या नियमाने (उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल ते तो सांगतो) 210 ला आदर्श इंजिनही साधारण 37 टक्क्यांवर जात नाही, मग स्टार्टअप कुठलीही असो.

सायझिंगवाला_इचल: फक्त 3?? त्यात धूर ओढणारा आयडी फॅनपण चालायचा नाही.

बॉयलर_अण्णा: म्हणून म्हणतो, गरमी गरमीतच वापरा. 30 वर्षं बॉयलरवर काढलीत. धुरावर इकॉनॉमायझर लावा, तो धुराच्या गरमीने बॉयलरात जाणारं फीडचं पाणी तापवतो; ते 6 डिग्री वाढलं की 1 टक्का लाकूड वाचतं. सूत सुकवायच्या सिलिंडरचं कंडेन्सेट, म्हणजे आत वाफेचं झालेलं पाणी, कुठे जातं?

सायझिंगवाला_इचल: गटारात.

बॉयलर_अण्णा: अरे बाबा! ते जवळजवळ उकळतं पाणी आहे, आधी ते टाकीत परत आणा. खळीच्या कुकरची वाफ खळीतच मुरते, ती यात धरू नका. टाकीतलं पाणी आत्ता किती डिग्री आहे?

सायझिंगवाला_इचल: थांबा, थर्मामीटर घेऊन जातो. पण विजेच्या बिलाचं काय? ते राहिलंच.