लॉकडाऊनमध्ये दुकानात कामाला होता का? जादा पैसे मिळाले का? अनुभव लिहा

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा मी सांगलीत विश्रामबागला एका सुपरमार्केटात बिलिंगला होते. सगळं बंद, आम्ही मात्र अत्यावश्यक म्हणून चालू. परवा मावसबहिणीशी बोलणं झालं, ती सिएटलला असते, ती म्हणाली तिकडं फेब्रुवारी २०२१ पासून मोठ्या किराणा दुकानांतल्या लोकांना तासाला ४ डॉलर जादा द्यायचा कायदाच शहरानं केला होता, धोक्याचा भत्ता म्हणून. आमच्यात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं की असलं काही मागता येतं. आम्हाला पहिल्या महिन्यात ५०० रुपये आणि सॅनिटायझरची बाटली मिळाली, पुढं काहीच नाही. उलट घरात सासूबाई पॉझिटिव्ह आल्या म्हणून १४ दिवस घरी बसले तर ते बिनपगारी धरले, याचा राग अजून जात नाही. तुमचं काय झालं ते लिहा, रक्कम पण लिहा.

गणपती पेठ, हमाली
आमच्या मालकानं रोजचे १०० रुपये जादा दिले, संध्याकाळी हातावर. गिऱ्हाइकाच्या नोटा पत्र्याच्या डब्यात टाकून दिवसभर उन्हात ठेवायचे आणि त्यातल्याच आम्हाला द्यायचे, गरम लागायच्या हाताला. काम मात्र लय अवघड, मास्क लावून ५० किलोचं साखरेचं पोतं पाठीवर घेतलं की दोन खेपांत मास्क घामानं भिजून नाकातोंडाला चिकटायचा, श्वासच घेता यायचा नाही, मग ओढायचा खाली, करणार काय. आणि एप्रिल २०२१ ला दुकानं सकाळी ७ ते ११ केली तेव्हा तर अख्ख्या दिवसाची गर्दी त्या चार तासांत अंगावर यायला लागली, वेळ कमी करून आमचा धोका वाढलाच.

सातारा, मेडिकल
काही नाही मिळालं. दुसऱ्या लाटेत लोक खोकत खोकत थेट काउंटरला यायचे, रेमडेसिविर कुठं मिळंल म्हणून रडायचे. मी एकदा पगाराचं काढलं तर "काम तरी आहे ना तुला" म्हणाले. भाऊ एमआयडीसीतनं घरी बसला होता, मी गप्प बसलो.

मिरज तालुका, रेशन दुकानात मदतनीस
एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो तांदूळ फुकट सुरू झाला, नेहमीचं धान्य वेगळं, म्हणजे एकाच कार्डाला दोनदा मापं. रांगेसाठी फक्कीचे गोल आखायचे, तासाभरात पायांनी पुसून जायचे. दवाखान्यातल्या लोकांना ५० लाखांचा विमा लागू झाला, आशाताईंना पण झाला, ते योग्यच होतं, त्या दारोदार फिरत होत्या. पण गावातला प्रत्येक माणूस ज्याच्यासमोर येऊन उभा राहत होता त्याचा विचार कुणी केला नाही. आई रोज बाहेरच बादली भरून ठेवायची, आंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नव्हती.

धागा काढणारी
गणपती पेठवाले दादा, ते १०० रुपये कधीपर्यंत मिळाले?

गणपती पेठ, हमाली
दिवाळीपर्यंत ताई. मग बंद झाले. एप्रिलला परत कडक झालं तेव्हा कुणी न मागता परत चालू केले.