मदत हवी आहे: बीएस-४ ट्रक पीयूसीत धुरावर नापास, इंजेक्टर उतरवण्याआधी काय तपासावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचा छोटा वाहतुकीचा धंदा आहे. मुख्य गाडी बाराटायर, २०१८ ची, बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा). कॉमन रेल इंजिन, ईजीआरवालं (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारं), धुरात फवारायच्या यूरियाची टाकी नाही. जाताना सिमेंट, येताना मिळेल तो माल, बहुतेक हैदराबाद लाइनला. पासिंग तोंडावर आलंय आणि पीयूसी मिळत नाही. मशीनवर धुराचा आकडा आला २.१, आणि बीएस-४ डिझेलला मर्यादा आहे १.६२. काठावर हुकलं असतं तर एवढं लिहिलं नसतं, पण हा फरक मोठा आहे.

लक्षणं सांगतो. सिग्नलवरून उठताना आणि चढाला भरल्या गाडीला मागे काळा धूर. सपाट रस्त्यावर एका लयीत चालली की काही दिसत नाही. एव्हरेज थोडं पडलंय. पिकअप मंद झालाय असं ड्रायव्हर म्हणतो. ऑइल कमी होत नाही, निळा धूर नाही. डॅशबोर्डवर चेक लाइट नाही.

सल्ले तीन मिळाले. आमचे नेहमीचे मेस्त्री म्हणतात, सगळे इंजेक्टर बदला, नाहीतर रोज हेच. खर्च ऐकून छातीत धस्स झालं. सुट्या भागांच्या दुकानात टाकीत ओतायची बाटली दाखवली. आणि जिथे तपासणी केली तिथल्या माणसाने हळूच सांगितलं की नळी दुसऱ्या गाडीला लावून प्रिंट काढून देतो, वरचे पैसे द्या. ते मी घेतलं नाही आणि घेणारही नाही.

का नाही, तेही सांगतो. मार्केट यार्डात कांद्याच्या दिवसांत रात्रभर गाड्या लागतात. हमाल मंडळी आमच्या फाळक्याला चिकटून उभी असतात आणि पुढची गाडी हलली की सायलेन्सरचा सगळा लोट त्यांच्या तोंडावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. २०१० साली देशात बीएस-४ सगळ्यात आधी ज्या १३ शहरांत आलं त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूर होतं, सगळ्या देशात यायला २०१७ उजाडलं. एवढं आधी नियम आलेल्या गावात कागद स्वच्छ आणि हवा काळी, हे मला पटत नाही. गाडीच सुधारायची आहे.

तर विचारायचंय ते हे: इंजेक्टरला हात लावण्याआधी कुठून सुरुवात करावी? तपासणी बरोबर झाली की नाही हे मालकाने कसं ओळखावं? आणि एक जोडप्रश्न, जुनी गाडी काढून वापरलेली बीएस-६ घ्यायचा विचार आहे. बघितलेल्या एका गाडीचा विकणारा अभिमानाने सांगतो की ‘डीपीएफचा त्रास काढून टाकलाय’. हे काय प्रकरण आहे?

प्रतिसाद: डिझेल मेस्त्री, अक्कलकोट रोड

दादा, तुमच्या मेस्त्रींना कमी लेखत नाही, पण चेक लाइट नसताना आणि गाडी न उघडता सगळे इंजेक्टर हे मला घाईचं वाटतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी. हवेची बाजू स्वस्त आहे, ती आधी संपवा.

तुमची गाडी सिमेंटवर चालते. पहिली नजर एअर फिल्टरवर. बाहेरचा फिल्टर लोक बदलतात, आतला सेफ्टी फिल्टर वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो काढून उजेडासमोर धरा. आणि कृपा करून कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टर झाडू नका. कागदाला बारीक भोक पडतं, मग धूळ थेट टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या) पंख्यावर जाते.

दुसरं, टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज. माझ्या अनुभवात निम्मे काळे धूर इथेच सापडतात. होज खालच्या बाजूने चिरतो, वरून धडधाकट दिसतो. क्लिपजवळ तेलकट काळा डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसली की समजा हवा निसटतेय. क्लीनरला पूर्ण रेस द्यायला सांगा आणि कान लावा, फुसकारा ऐकू येतो. खात्री करायची तर साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या जाळीत चिखल आणि किडे भरलेत का तेही त्याच वेळी बघा.

तिसरं, ईजीआर. व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला की इंजिनला ताज्या हवेऐवजी स्वतःचाच धूर परत मिळत राहतो. उठताना काळा धूर आणि मंद पिकअप, हे लक्षण बरोबर जुळतं. काढून साफ करा. पत्रा लावून बंद करून देणारे पुष्कळ भेटतील, ते करू नका. काळा धूर कमी दिसतो, पण न दिसणारा नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. त्यासाठीच तर तो व्हॉल्व्ह बसवलेला असतो.

एवढं झाल्यावर स्कॅनर लावा. बूस्टचा (टर्बोच्या हवेचा) दाब आणि रेल प्रेशर (डिझेलचा दाब) चालत्या गाडीत बघा, मग प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा. एखादाच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तर तेवढाच इंजेक्टर बेंचवर तपासायला द्या. बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्यायला विसरू नका, नाहीतर नवा घालूनही धूर तसाच राहील. टॅपेट सेटिंग कधी झालंय?

बाटलीबद्दल काय बोलू. फाटका होज बाटलीने शिवला जात नाही.

प्रतिसाद: आधी पीयूसी केंद्र चालवत होतो

तपासणीबद्दल मी सांगतो.

डिझेलला जी होते तिला फ्री अॅक्सिलरेशन म्हणतात. गाडी न्यूट्रलमध्ये, सायलेन्सरमध्ये नळी, आयडलवरून पॅडल झटकन पूर्ण दाबायचं, इंजिन गव्हर्नरच्या कमाल आरपीएमला पोचलं की सोडायचं. धूर मशीनच्या नळकांड्यातून जातो आणि त्यातून प्रकाश किती अडतो ते मोजलं जातं. सलग वाचनं एकमेकांच्या जवळ आली की त्यांची सरासरी. तुमचा २.१ हा प्रति मीटर प्रकाश शोषणाचा आकडा आहे. जुन्या हार्ट्रिज एककात तो साधारण ५९-६० होतो. मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ म्हणजे ६५ हार्ट्रिज, बीएस-४ ला १.६२ म्हणजे ५०, आणि बीएस-६ ला ०.७ म्हणजे २६.

मालकाने काय बघावं? इंजिन ऑइल किमान ६० अंश गरम हवं. रांगेत इंजिन बंद करून उभी असलेली गाडी थेट घेतली तर आकडा वाढतो. मोजण्याआधी दोन-चार वेळा नुसती रेस देऊन सायलेन्सरमधली साठलेली काजळी उडवायला हवी, नाहीतर तीच मोजली जाते. नळी घालण्याआधी मशीन शून्यावर आलंय का ते स्क्रीनवर दिसतं. उलट बाजूही सांगतो. काही ठिकाणी पॅडल अर्धंच दाबतात आणि आकडा छान येतो. गाडी सुधारायची असेल तर असल्या पासचा उपयोग नाही, पूर्ण पॅडल मारायलाच सांगा.

तुम्हाला नापासाची स्लिप मिळाली का? २०२१ पासून देशभर एकच नमुना आहे आणि मर्यादेच्या वर आकडा आला की स्लिप द्यायची असते. ती गॅरेजला दाखवा. केंद्राच्या मशीनबद्दल शंका असेल तर तीच स्लिप घेऊन दुसऱ्या केंद्रावर तपासता येतं.

धागाकर्ता

खूप आभार दोघांचेही. स्लिप मिळाली आहे. रांगेत बराच वेळ उभं राहावं लागलं होतं आणि इंजिन बंद होतं, हे खरं. पण रस्त्यावर धूर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे सगळा दोष थंड इंजिनावर टाकून मला मोकळं व्हायचं नाही. टॅपेट मागच्या वर्षी झालंय. होज आणि ईजीआर उद्याच बघतो.

प्रतिसाद

एवढा विचार कशाला करताय भाऊ. या लाइनवर सगळे पैसे देऊनच पीयूसी घेतात. अडवलं तर दंड भरायचा आणि पुढे जायचं.

धागाकर्ता

सगळे घेत नाहीत. आणि घेत असले तरी माझा प्रश्न त्या कागदाचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स रद्द, एवढं लिहिलंय. लायसन्स कोणाचं जातं? चाकावर बसलेल्या ड्रायव्हरचं, ज्याचा यात काही संबंध नाही. त्याच्या घराला तीन महिने मी काय सांगू? शिवाय काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. ते माझ्याच पैशाचं आहे.

प्रतिसाद: बीएस-६ गाड्या चालवतो, चिंचोळी एमआयडीसी

बीएस-६ च्या प्रश्नावर, कारण यात खूप लोक फसतात.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधली काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते, त्याला रिजनरेशन म्हणतात. हायवेला भरून चालणाऱ्या गाडीत हे आपोआप होत राहतं. शहरात कमी अंतर, सतत थांबणं, तासन् तास आयडलवर उभं राहणं, अशा कामात जाळी भरते, लाइट लागते, आणि ड्रायव्हरने रिजन मधेच तोडलं की पुढे गाडी ओढणं बंद करते. त्या त्रासाला कंटाळून लोक जाळी फोडून आतून रिकामी करतात आणि ईसीएममध्ये प्रोग्रॅम बदलून घेतात. यूरियाचंही (धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला फवारतात तो) तसंच, एक डबी लावून गाडीला खोटं सांगतात की यूरिया फवारला जातोय. ‘त्रास काढून टाकलाय’ म्हणजे हेच.

हा बेकायदा फेरफार आहे. कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी तुमच्या नावावर झाली की विचारणा तुम्हाला होणार.

ओळखायचं कसं? सायलेन्सरच्या टोकात आत बोट फिरवा. चांगल्या डीपीएफच्या गाडीचं टोक आतून जवळजवळ कोरं असतं. बोट काळं झालं तर जाळी फुटलीय किंवा नाहीच. मग स्कॅनर लावून डीपीएफच्या आधीचा-नंतरचा दाबफरक बघा. रेस दिल्यावर तो हलतच नसेल तर आत काही नाही. यूरियाची बिलं मागा. साधारण १०० लिटर डिझेलला पाचेक लिटर यूरिया जातो, बिलं नसतील तर यूरिया गेला कुठे?

आणि विकणारा पीयूसी दाखवेल त्यावर जाऊ नका. चालू डीपीएफच्या गाडीचा आकडा शून्याजवळ असतो. ०.५ आला तर कागदावर पास, पण जाळीत नक्की काहीतरी बिघडलंय. म्हणून नेदरलँड्समध्ये २०२३ पासून वार्षिक तपासणीत धुराच्या दाटपणाऐवजी कणच मोजायला लागलेत. आपल्या डिझेल पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड तर मोजलाच जात नाही, म्हणजे यूरिया बंद केलेली गाडी तिथे सापडत नाही. तो मोजतात कंपनी इंजिन मंजूर करून घेते तेव्हा, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत डायनॅमोमीटरवर. बीएस-४ ला मर्यादा होती किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम, बीएस-६ ला बदलत्या भाराच्या चाचणीत ०.४६. एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गाडीवरच यंत्र बांधून रस्त्यावरही मोजतात. एवढी सगळी मेहनत एका गॅरेजात दुपारभरात पुसली जाते, याचं फार वाईट वाटतं.

धागाकर्ता: काय सापडलं ते लिहितोय

मेस्त्री, तुमचा होजचा अंदाज बरोबर निघाला. इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या होजला खालून चीर होती, अगदी क्लिपच्या कडेला. आतला सेफ्टी फिल्टर राखाडी झाला होता. दोन्ही बदलले आणि तिथेच न थांबता गाडी नीट गरम करून दुसऱ्या केंद्रावर पूर्ण पॅडलने मोजली. १.७ आला. म्हणजे हवेने बराच फरक पडला, पण अजून नापासच. मग ईजीआर उतरवला. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, काजळीचा थर जमला होता. साफ करून बसवला आणि परत मोजलं, १.२. पीयूसी मिळालं, बीएस-४ असल्यामुळे वर्षभराचं.

आमच्या नेहमीच्या मेस्त्रींना दोन्ही स्लिपा आणि शेवटचा कागद दाखवला. त्यांनी चीर स्वतः बघितली आणि पुढच्या गाडीला आधी होज बघतो म्हणाले. इंजेक्टर उघडले नाहीत. स्कॅनरवर एकाचं करेक्शन किंचित जास्त दिसतंय, तो पुढच्या सर्व्हिसला बेंचवर देणार.

ती बीएस-६ बघायला परत गेलो होतो. बोट घातलं, पूर्ण काळं. विकणाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. आता दुसरी एक बघतोय, तिचं टोक स्वच्छ आहे आणि मालकाकडे यूरियाची बिलं आहेत. सोलापुरात किंवा टेंभुर्णीपर्यंत कोणी स्वतःचा स्कॅनर घेऊन येऊन डीपीएफचा दाबफरक आणि रिजनचा इतिहास वाचून देईल का? येण्याजाण्याचा खर्च आणि मेहनताना देईन. रविवारी गाडी रिकामी उभी आहे.