७/११, मालेगाव आणि ‘देशद्रोही’ कोण?

विरार_फास्ट:
परवा इथे एकाने लिहिलं की ७/११च्या आरोपींच्या सुटकेवर जे गप्प बसले ते सगळे देशद्रोही, आणि ‘दहशतवादाला धर्म नसतो’ असं गुळमुळीत बोलत राहिल्यानेच देशावर ही वेळ आली. वाचून राहवेना.

११ जुलै २००६. मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माझ्या ऑफिसातला एक जण त्यात गेला, खिशातल्या पासवरून ओळख पटली. कुणीतरी फासावर जावं असं तेव्हा मलाही वाटत होतं. पण ज्याने केलं तो, हाताला लागेल तो नव्हे. २०१५ साली मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. का? बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. टॅक्सीवाले साक्षीदार शंभराहून जास्त दिवसांनी उगवले. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. मग ज्यांनी ही माणसं मारली ते कुठे आहेत? हा प्रश्न विचारणं देशद्रोह कसा?

रोखठोक_ठाणेकर:
अर्धंच सांगितलंत. तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने बजावलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यात दाखला म्हणून धरायचा नाही. ते सोयीस्कर गाळलंत. आणि बंदी घातलेल्या ‘सिमी’ या मुस्लिम विद्यार्थी संघटनेचं नाव घेताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांचीच ‘भगवा दहशतवाद’ म्हणताना कधी अडखळली नाही. तेव्हा कुठे गेला होता तुमचा सभ्यपणा?

मोसमकाठ:
मी मालेगावची. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, शुक्रवारची नमाज, बडा कब्रस्तानात स्फोट. मेली आमची माणसं, पकडली आमचीच मुलं. २०१६ साली ती दोषमुक्त झाली. २००८च्या भिक्कू चौकातल्या स्फोटात सहा गेले, त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ला सुटले. ७/११च्या निकालावर सरकार दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टात धावलं. आमच्या वेळी अपील करायला मेलेल्यांच्या घरच्यांनाच जावं लागलं.

रोखठोक_ठाणेकर:
कारण पुरावाच नव्हता! ज्या मोटरसायकलवर बॉम्ब होता म्हणतात, ती कुणाची हेसुद्धा सिद्ध झालं नाही. त्यातले आरोपी, लष्करातले कर्नल पुरोहित यांनी जवळपास नऊ वर्षं तुरुंगात काढली, त्यांची भरपाई कोण करणार?

विरार_फास्ट:
मान्य. कुणाचीच अशी वर्षं जायला नकोत. आता हेच वाक्य ७/११च्या त्या बारा जणांसाठीही लिहा. त्यातला एक २०२१ साली तुरुंगातच वारला.

आडवी_तारीख:
मालेगावच्या २००८च्या खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले, तीसहून जास्त उलटले. त्यावर बोला की. साक्षीदार उलटतात कारण त्यांना कुणी वाली नसतो.

नाक्यावरचं_दुकान:
याला माझं शंभर टक्के अनुमोदन. चोरीच्या एका केसमध्ये मी पंच होतो. हवालदार दुकानात आला, ‘शेठ, फक्त दोन सह्या.’ पंचनाम्याचा निम्मा कागद कोरा होता. कित्येक वर्षांनी समन्स आलं. दुकान बंद ठेवून कोर्टात बाकावर बसलो, शेजारी तोच आरोपी, माझ्याकडे बघत. संध्याकाळी पुढची तारीख. वकिलाने विचारलं, पान्हा कुठल्या पिशवीतून निघाला? मी काय सांगणार, मी पिशवीच पाहिली नव्हती!

आडवी_तारीख:
आमच्या चाळीत तर पोलिसांची गाडी दिसली की लोक दारं लावून घेतात. पंच व्हायला नको, साक्ष नको. आणि हेच लोक रात्री फोनवर देशभक्तीचे मेसेज पाठवतात.

रोखठोक_ठाणेकर:
पंचनामा कसला घेऊन बसलात? विषय देशाशी निष्ठेचा चाललाय!

मोसमकाठ:
निष्ठेचा दाखला आम्ही आणखी किती वेळा द्यायचा? २६/११ला मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या ट्रस्टने साफ नकार दिला. तेव्हा कुणी सांगायला आलं नव्हतं. आणि मालेगावच्या २००८च्या स्फोटाचा तपास करणारे एटीएसचे (दहशतवादविरोधी पथकाचे) प्रमुख हेमंत करकरे त्याच रात्री गेले, त्यांच्याही निष्ठेवर शिंतोडे उडवलेच ना?

रोखठोक_ठाणेकर:
करकरेंबद्दल मी कधीही वावगं बोललेलो नाही, माझ्या तोंडी घालू नका. कब्रस्तानाचं मात्र मान्य, त्या ट्रस्टींचं तेव्हाही कौतुक वाटलं होतं. पण म्हणून धर्माच्या नावाने माथी भडकवणाऱ्यांचं नाव घ्यायचंच नाही, हे मला पटत नाही.

विरार_फास्ट:
घ्या ना नाव! सिमीचंही घ्या, मालेगावच्या २००८च्या खटल्यात नाव आलेल्या ‘अभिनव भारत’ या हिंदुत्ववादी संघटनेचंही घ्या. फक्त पुरावा आणा, कोऱ्या कागदावरच्या सह्या नकोत.

रोखठोक_ठाणेकर:
सही करण्याआधी वाचायची जबाबदारी दुकानदारांचीही होतीच की.

नाक्यावरचं_दुकान:
हवालदार काउंटरवर वाकून उभा असताना? रोज त्याच नाक्यावर धंदा करायचाय मला. तुम्ही झालात कधी पंच? नसाल झालात तर पुढच्या वेळी ठाण्यातल्या पोलिसांना स्वतःहून नाव द्या, मग बोलू.